बिऱ्हाडासकट आलेलं इंजिन

कॅलिफोर्नियात, सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीकाठच्या फ्रीमाँट गावात, एका मराठी घराच्या गॅरेजात १९९३ सालची होंडा सिव्हिक उभी आहे. हॅचबॅक, मागून-पुढून साधी, जेमतेम टनभर वजनाची. तिचं मूळ इंजिन दीड लिटरचं, १०२ हॉर्सपॉवरचं. ते आता जुन्या चादरीत गुंडाळून भिंतीशी ठेवलंय. त्याच्या जागी बॉनेटखाली बसलंय अक्युरा इंटेग्रा जीएस-आर या गाडीचं १.८ लिटरचं इंजिन, १७० हॉर्सपॉवरचं. गाडीचा मालक कॉलेजात शिकणारा मुलगा. वडील मूळचे चिंचवडचे, इथे एका चिप कंपनीत. घरात मशीनचं वेड आजोबांपासून आलेलं. ते आकुर्डीच्या कारखान्यात टर्नर होते.

इंजिन उतरवून दुसरं चढवायला बापलेकांना दोन शनिवार-रविवार पुरले. त्यात आश्चर्य नाही. त्या वर्षांतली सिव्हिक आणि इंटेग्रा यांचा सांगाडा पुढच्या भागात जवळजवळ एकच आहे. दोन-तीन माउंटिंग बदलली की इंजिन आपल्या जागी बसतं. गाडी सुरू झाली, पळाली, मुलगा खूश. मग सुरू झालं खरं काम: हे दुसरं इंजिन घेऊन गाडी धुराच्या तपासणीत पास करणं. त्याला सहा महिने लागले. हा लेख त्या सहा महिन्यांबद्दल आहे, कारण त्यातून जे दिसलं ते आपल्याकडे, पुण्या-मुंबईत, फार कमी बोललं जातं.

कॅलिफोर्नियात १९७६ पासून पुढच्या मॉडेलच्या बहुतेक गाड्यांना दर दोन वर्षांनी 'स्मॉग चेक' करावाच लागतो. तो पास झाल्याशिवाय नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. अगदी नव्या गाड्यांना काही वर्षं सूट असते, पण पस्तिशीकडे झुकलेल्या सिव्हिकला ती कुठून मिळणार? आणि इंजिन बदललेली गाडी कोपऱ्यावरच्या नेहमीच्या स्टेशनात थेट पास होत नाही. तिथला तंत्रज्ञ बॉनेट उघडतो, हे इंजिन या गाडीचं नाही हे त्याला कळतं, आणि तो गाडी 'रेफरी'कडे पाठवतो. रेफरी म्हणजे राज्याच्या ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअरने नेमलेला तपासनीस. ही केंद्रं बहुतेक कम्युनिटी कॉलेजांच्या आवारात असतात, जिथे शेजारीच मुलं गाडीदुरुस्ती शिकत असतात. मला हे फार आवडलं.

एवढा कडकपणा का, हे समजायला लॉस एंजेलिसला जावं लागतं. जुलै १९४३ मध्ये एका दिवशी शहरावर इतका दाट, डोळ्यांना झोंबणारा धुरकट थर आला की हा जपानने केलेला विषारी वायूचा हल्ला असावा, असं लोकांना वाटलं. युद्धाचे दिवस होते. हल्ला नव्हता. पण मग काय होतं, ते नीट कळायला जवळजवळ दहा वर्षं गेली. आरी हागेन-स्मिट नावाचे डच वंशाचे जीवरसायनशास्त्रज्ञ कॅलटेकमध्ये अननसाच्या वासाचा अभ्यास करत होते. वास ज्या द्रव्यांचा असतो ती हवेतून गोठवून वेगळी काढायचं तंत्र त्यांच्याकडे होतं. तेच तंत्र त्यांनी शहराच्या हवेला लावलं. त्यांनी दाखवून दिलं की गाड्यांच्या धुरातले न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, आणि डोळे चुरचुरतात ते त्याच्यासारख्याच द्रव्यांमुळे. पुढे राज्याचं हवा-संसाधन मंडळ स्थापन झालं तेव्हा हागेन-स्मिट त्याचे पहिले अध्यक्ष झाले. गाडीच्या मागून निघणाऱ्या धुरावर मर्यादा घालणारं अमेरिकेतलं पहिलं राज्य हेच. स्मॉग चेक मात्र १९८४ मध्ये आला. नवी गाडी स्वच्छ असून भागत नाही, ती दहाव्या आणि विसाव्या वर्षीही स्वच्छ राहायला हवी, हे तोवर सगळ्यांना पटलं होतं.

या इतिहासातला एक प्रसंग इथे सांगायलाच हवा, कारण तोही इंजिन पालटून परीक्षेला बसण्याचाच आहे. १९७० च्या क्लीन एअर ॲक्टने गाड्यांचा धूर काही वर्षांतच मोठ्या प्रमाणात कमी करायला सांगितलं, आणि अमेरिकी कंपन्या म्हणू लागल्या की हे शक्य नाही. होंडाने 'सीव्हीसीसी' नावाचं इंजिन केलं. प्रत्येक सिलिंडरला एक छोटी जादा खोली. तिथे पेट्रोलचं प्रमाण जास्त असलेलं मिश्रण आधी पेटतं आणि त्या ज्वाळेने मुख्य सिलिंडरमधलं पातळ मिश्रण जळतं. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर न लावताही १९७५ चे निकष पार करणारं हे पहिलं इंजिन होतं. हे लहान गाडीपुरतं ठीक, मोठ्या अमेरिकी गाडीला जमणार नाही, असं डेट्रॉइटमधून म्हटलं गेलं. तेव्हा सोइचिरो होंडांनी ५.७ लिटरच्या व्ही-८ इंजिनाची शेव्हरोले इम्पाला विकत घेऊन जपानला नेली, तिच्या इंजिनाला सीव्हीसीसीची हेड बसवली, आणि ती परत ॲन आर्बरच्या सरकारी प्रयोगशाळेत तपासायला पाठवली. १९७३ ची गोष्ट. इम्पाला पास झाली. वादाचं उत्तर भाषणात न देता तपासणीच्या रोलरवर द्यायचं, हे त्या म्हाताऱ्या मेकॅनिकलाच सुचू शकतं.

आता नियमाकडे येऊ. कॅलिफोर्नियात इंजिन बदलायला बंदी नाही. पण बसवलेलं इंजिन गाडीच्या सालाचं किंवा त्याहून नवं हवं. जुनं चालत नाही. ज्या निकषावर मूळ गाडी प्रमाणित झाली होती तितक्याच किंवा त्याहून कडक निकषावर नवं इंजिन प्रमाणित झालेलं हवं. अवजड ट्रकचं इंजिन कारमध्ये बसवता येत नाही, कारण ट्रकचे निकष वेगळे. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंजिन बिऱ्हाडासकट यायला हवं. ज्या गाडीतून ते आलं तिथे त्याच्यासोबत जे जे होतं ते सगळं: एअर बॉक्स, कॉम्प्युटर, ऑक्सिजन सेन्सर, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, पेट्रोलची वाफ धरून ठेवणारा कोळशाचा डबा, त्या डब्याकडे जाणाऱ्या नळ्या, व्हॉल्व्ह, डॅशबोर्डवरचा 'चेक इंजिन'चा दिवा. थोडं या गाडीचं, थोडं त्या गाडीचं, असं चालत नाही.

मुलाला सुरुवातीला घ्यायचं होतं ते जपानहून आलेलं इंजिन. तिकडे जुनी गाडी चालवत राहणं 'शाकेन' तपासणीमुळे खर्चिक होतं, त्यामुळे कमी चाललेली इंजिनं कंटेनर भरून अमेरिकेत येतात आणि स्वस्तात मिळतात. पण जपानी बाजारासाठी बनलेलं इंजिन इथे प्रमाणित झालेलं नसतं. ते इथल्या एखाद्या प्रमाणित इंजिनाच्या तोडीचं आहे हे दाखवून त्याचा सगळा सरंजाम जोडावा लागतो. वडिलांनी आधी रेफरीच्या कार्यालयात फोन लावून विचारलं. "विचारायला लाज कसली? आरटीओत नाही जायचंय," असं ते मुलाला म्हणाले. पलीकडून सरळ उत्तर मिळालं: इथली, अपघातात गेलेली इंटेग्रा शोधा, आणि पुरी गाडीच घ्या.

हा सल्ला सोन्यासारखा ठरला. पुरी गाडी घेतल्यामुळे इंजिन, गिअरबॉक्स, वायरिंग हार्नेस, सगळं एका जागी मिळालं, आणि बॉनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेला एक कागदही मिळाला. त्यावर कोणती व्हॅक्युम नळी कुठून निघून कुठे जाते याचा नकाशा छापलेला असतो. बोटाएवढ्या जाडीच्या, काळ्या, एकसारख्या दिसणाऱ्या नळ्या. नकाशा नसेल तर त्या जोडणं म्हणजे अंदाजाचं काम. मुलाने त्या कागदाचा फोटो मोठा करून गॅरेजच्या भिंतीवर लावला आणि जोडलेली नळी एकेक करून लाल पेनने खोडत गेला. आधी हौसेने घेतलेला चकचकीत उघडा एअर फिल्टर काढून ठेवावा लागला. बाहेरच्या कंपनीचा असा भाग बसवायचा तर त्यावर हवा मंडळाच्या मंजुरीचा क्रमांक लागतो, आणि या फिल्टरवर तो नव्हता. इंटेग्राचा काळा, ढोबळ प्लास्टिकचा एअर बॉक्स पुन्हा बसला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नवा घेतला; त्याच्या पत्र्यावर मंजुरीचा क्रमांक ठोकलेला पाहूनच.

मग पाळी धुराची. सिव्हिकच्या वयाच्या गाड्यांना या भागात रोलरवर चालवून तपासतात. पुढची चाकं रोलरवर, गाडी जागेवरच धावते, रोलर ब्रेकसारखा जोर लावतो. आधी साधारण ताशी २४ किलोमीटर वेगाने जास्त भार, मग ताशी ४० ला थोडा कमी भार. मागे सायलेन्सरमध्ये नळी. मोजतात तीन गोष्टी: कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नायट्रिक ऑक्साइड. भार लावण्याला कारण आहे. नायट्रोजनची ऑक्साइडं सिलिंडर खूप तापला की बनतात, आणि गाडी नुसती उभ्या जागी गुरगुरत असेल तर तो तेवढा तापतच नाही.

रेफरीकडे जाण्याआधी त्यांनी एका स्टेशनात आधीच चाचणी करून घेतली. निकालाच्या कागदावर कार्बन मोनॉक्साइड मर्यादेच्या बऱ्याच वर, हायड्रोकार्बन थोडे वर, नायट्रिक ऑक्साइड अगदी कमी. जाणत्याला हा कागद डॉक्टरच्या रिपोर्टइतकं बोलतो. इंजिनाला पेट्रोल जास्त मिळतंय.

का मिळतंय? इथे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचं काम थोडं समजून घेऊ. त्याच्या आत जाळीदार ठोकळ्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम यांचा बारीक थर असतो. तो तिन्ही विषारी वायूंना एकाच वेळी निर्धोक करतो, पण हवा आणि पेट्रोल यांचं वजनी प्रमाण १४.७ ला १ च्या अगदी आसपास असेल तरच. पेट्रोल जास्त झालं तर कार्बन मोनॉक्साइड जाळायला ऑक्सिजन उरत नाही. हवा जास्त झाली तर नायट्रोजनची ऑक्साइडं मोडत नाहीत. हे प्रमाण सांभाळायला एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन सेन्सर बसवलेला असतो. तो एका व्होल्टच्या आतल्या वरखाली होणाऱ्या विद्युतदाबातून कॉम्प्युटरला सांगत राहतो, आता जास्त, आता कमी, आणि कॉम्प्युटर सेकंदासेकंदाला इंजेक्टर सुधारत राहतो.

बापलेकांनी सेन्सर तपासला, बदललाही. फरक नाही. थर्मोस्टॅट पाहिला, थर्मोस्टॅट चुकीचा असला की पाणी नीट तापत नाही आणि कॉम्प्युटरला वाटत राहतं की इंजिन अजून थंडच आहे, म्हणून तो पेट्रोल ओतत राहतो. थर्मोस्टॅट ठीक होता. मग वडिलांना आजोबांची एक सवय आठवली. त्यांनी घरातून उदबत्ती आणली. सकाळी गाडी गार असताना चालू केली आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्ड खालच्या पाइपला जिथे मिळतो त्या जोडाजवळ उदबत्तीचा धूर धरला. दोन बोल्टपाशी धूर सरळ वर गेला. तिसऱ्यापाशी तो थरथरला, आणि मधूनमधून आत ओढला गेला.

तिथे गॅसकेटला केसाएवढी फट होती. धूर बाहेर पडतो तेव्हा तिथून फुसफुसतो, पण दोन ठोक्यांच्या मध्ये पाइपमधला दाब क्षणभर बाहेरच्यापेक्षा कमी होतो आणि बाहेरची हवा आत येते. सेन्सर त्या हवेतला ऑक्सिजन मोजतो, कॉम्प्युटरला वाटतं पेट्रोल कमी पडतंय, आणि तो वाढवतो. कॉम्प्युटर चोख होता, सेन्सर चोख होता. दोघांना खोटी बातमी मिळत होती. नवं गॅसकेट, सगळे बोल्ट ठरलेल्या जोराने आवळले, आणि मिश्रण ताळ्यावर आलं. मी अनेक मेकॅनिकांशी बोलले तेव्हा कळलं, इंजिन पालटलेल्या गाड्यांमध्ये हा दोष नेहमीचा आहे. जोड नवे असतात, कोन थोडे वाकडे असतात. दुसरा नेहमीचा दोष म्हणजे जागा नाही म्हणून कन्व्हर्टर फार मागे बसवणं. अडीच-तीनशे अंश सेल्सिअसच्या खाली तो काम सुरूच करत नाही, आणि लांबच्या पाइपात धूर तिथवर पोचेपर्यंत निवतो.

रेफरीच्या तपासणीला मी सोबत गेले. कॉलेजच्या वर्कशॉपचा एक भाग, शांत, स्वच्छ. रेफरी बाईंच्या हातात टॉर्च आणि लांब दांड्याचा छोटा आरसा. त्या आधी धुराकडे गेल्याच नाहीत. इंजिनाचा क्रमांक वाचला, कॉम्प्युटरचा क्रमांक लिहून घेतला. इंटेग्राचा नकाशा स्वतःच्या स्क्रीनवर उघडला आणि एकेक नळीवर बोट ठेवत गेल्या. कोळशाच्या डब्याकडे जाणारी नळी त्यांनी हलकेच ओढून पाहिली, खरंच जोडलीय की नुसती खोचलीय. खाली वाकून आरशात कन्व्हर्टरवरचा क्रमांक वाचला. इग्निशनचं टायमिंग १६ अंशांच्या आसपास हवं होतं, तसं होतं. पेट्रोलच्या टाकीत हलका दाब भरून तो टिकतो का ते पाहिलं, कारण पेट्रोलची वाफ ही गाडी बंद असतानाही हवेत जाते. इतकं सगळं झाल्यावर रोलर.

गाडी पास झाली. बाईंनी दाराच्या चौकटीत एक लेबल चिकटवलं. या गाडीत आता कोणत्या सालाचं, कोणतं इंजिन आहे, त्याला कोणती साधनं हवीत, ते त्यावर. यापुढे ही सिव्हिक कुठल्याही साध्या स्टेशनात जाऊ शकते. तिथला माणूस लेबल वाचेल आणि त्याप्रमाणे तपासेल.

१९९६ पासूनच्या गाड्यांचं प्रकरण वेगळं आहे आणि माझ्या मते अधिक अवघड. त्यांच्यात गाडी स्वतःच स्वतःची तपासणी करत असते. कन्व्हर्टर, सेन्सर, वाफेची व्यवस्था, अशा प्रत्येक गोष्टीची एक अंतर्गत चाचणी असते, आणि ती पूर्ण झाली की नाही याची नोंद कॉम्प्युटरमध्ये राहते. २००० पासूनच्या पेट्रोल गाड्यांना तर कॅलिफोर्नियात सहसा सायलेन्सरमध्ये नळी घालतच नाहीत. केबल जोडून या नोंदी वाचतात. बॅटरी काढली की नोंदी पुसल्या जातात, म्हणून आदल्या दिवशी दिवा घालवून यायची युक्ती चालत नाही. इंजिन बदलणाऱ्याला इथे वेगळाच त्रास होतो: नव्या इंजिनाच्या कॉम्प्युटरला पेट्रोलच्या टाकीतला दाब मोजणारा सेन्सर अपेक्षित असतो, जुन्या गाडीच्या टाकीत तो नसतो, आणि वाफेची चाचणी कधीच पूर्ण होत नाही. जुलै २०२१ पासून कॉम्प्युटरमधलं सॉफ्टवेअर बदललंय का हेही तपासलं जातं. फोक्सवॅगनने २०१५ मध्ये जगभरच्या सुमारे १ कोटी १० लाख डिझेल गाड्यांत तपासणी ओळखून वागणारं सॉफ्टवेअर असल्याचं कबूल केल्यानंतर, सॉफ्टवेअरला इंजिनाचाच भाग मानणं हेच शहाणपण.

आता आपल्याकडे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवलेल्या आणि आरसी बुकात लिहिलेल्या तपशिलांपासून गाडी वेगळी करता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे केरळच्या एका खटल्यात ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. सीएनजी किट किंवा बॅटरीवर रूपांतर यांना मंजूर किटमधून वाट आहे, आणि त्या मंजुरीचं मोठं काम पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेतच होतं. पण पेट्रोल इंजिन काढून दुसऱ्या मॉडेलचं, अधिक स्वच्छ पेट्रोल इंजिन बसवायचं असेल, तर हौशी माणसाला कुठल्या खिडकीशी जायचं?

आणि तरी गाड्या बदलल्या जातात. जुन्या पेट्रोल जीपला डिझेल इंजिन बसवणं हे महाराष्ट्रात गॅरेजवाल्यांच्या दोन पिढ्यांनी केलेलं काम आहे. त्या गाड्या पीयूसीला जातात आणि पास होतात. डिझेल असेल तर धुराचा काळेपणा मोजतात. पेट्रोल असेल तर गाडी उभी ठेवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन बघतात. बीएस-४ कारला ०.३ टक्के आणि २०० पीपीएम ही मर्यादा. बॉनेट उघडत नाहीत. कन्व्हर्टर आहे की रिकामा डबा, हे पाहणं त्या तपासणीतच नाही. नायट्रोजनची ऑक्साइडं मोजत नाहीत, आणि ओझोनच्या कहाणीची सुरुवातच त्यांच्यापासून होते. पीयूसी केंद्रातल्या माणसाचा यात दोष नाही. त्याला नेमून दिलेलं काम एवढंच आहे. मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना कन्व्हर्टर सक्तीचा झाला १ एप्रिल १९९५ ला. तीस वर्षं झाली. त्या गाड्यांमधला कन्व्हर्टर आज किती जागी खरंच काम करतोय, हे विचारणारी तपासणी आपल्याकडे अजून रस्त्यावर आलेली नाही.

म्हणून मला फ्रीमाँटचा तो कारभार महत्त्वाचा वाटतो. तिथे दार उघडं आहे आणि दाराशी माणूस उभा आहे, ज्याला नळ्या कळतात. आपल्याकडे दार बंद आहे आणि कुंपण मोकळं. एआरएआयसारखी संस्था ज्या शहरात आहे, तिथल्या आयटीआय आणि तंत्रनिकेतनांच्या वर्कशॉपांत अशी दोन-चार रेफरी केंद्रं निघायला तांत्रिक अडचण कसलीच नाही. निकष ठरवता येतील: इंजिन नवं हवं, बिऱ्हाड पुरं हवं, धूर भाराखाली मोजायचा, आरसी बुकात नोंद करायची. कोल्हापूरच्या किंवा नाशिकच्या एखाद्या कसबी मेकॅनिकला तेव्हा आपलं काम उजेडात दाखवता येईल, आणि त्याला ते नक्की दाखवायचं असेल.

सिव्हिकचा मालक आता त्याच्या कॉलेजातल्या मित्राला मदत करतोय. मित्राकडे १९९९ ची छोटी मझदा आहे आणि त्याच्या मनात २००२ च्या व्ही-८ चं वेड आहे. मित्र इंजिनांच्या जाहिराती घेऊन आला होता. मुलाने त्या बाजूला ठेवल्या आणि विचारलं, "टाकीतला प्रेशर सेन्सर कुठे बसवणार? आधी ते शोध, इंजिन मग बघू."